बाग न पाहता सौदा

चोपडा तालुक्यातले एक केळीवाले आबा गेली बावीस वर्षं माझ्याकडे हिशेबाला येतात. त्यांची पिशवी ठरलेली असते: आडतीच्या पट्ट्या, ट्रकच्या बिल्ट्या, डिझेलच्या पावत्या आणि तळाशी माझ्या मुलांसाठी एखादी केळ्यांची फणी. या खेपेला तिच्यातून गुळगुळीत कागदाची फाईल निघाली. कॅनडातलं कुठलंसं लहान गाव, तिथला पेट्रोलपंप आणि त्याला लागून किराणा-कॉफीचं दुकान. चार फोटो, तीन वर्षांची उलाढाल, आणि शेवटच्या पानावर मुंबईच्या व्हिसा सल्लागाराचा शिक्का. पंप घेतला की तिकडे राहायचा परवाना मिळेल, असा एकूण सौदा.

"हाई फाईल देखी ले भाऊ, नि कागदे जमाडी दे."

मी विचारलं, "आबा, तुम्ही जागा बघितली का?"

"फोटो शेतस ना."

हा माणूस केळीची बाग कशी घेतो ते मी पाहिलं आहे. एकदा अडावदकडे त्यांच्यासोबत गेलो होतो. पहाटे सहाला बागेत शिरले. बांधावरून नाही, थेट मधोमध, कारण मालक नेहमी बांधाकडची झाडं दाखवतो. घडाला किती फण्या आहेत ते मोजलं, पानं उलटी करून करपा आहे का बघितला, ठिबकची नळी बोटाने दाबली. शेजारच्या शेतकऱ्याला तंबाखू देऊन विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती टिकतं ते काढून घेतलं. पावसात ट्रक कुठवर येईल ते चालत जाऊन पाहिलं. मग कुठे बऱ्हाणपूरचा भाव काढला, आणि त्याच्या खालून बोलायला सुरुवात केली. दीड-दोन लाखांच्या सौद्याला एवढी पायपीट करणारा हा व्यापारी सव्वा कोटीचा पंप चार फोटोंवर घ्यायला निघाला होता.

हे एकट्या आबांचं असतं तर लेख लिहिला नसता. गेल्या दोन-तीन वर्षांत जळगाव, धुळे, शहादा या बाजूंनी माझ्या टेबलावर अशा फायली येऊ लागल्या आहेत. केळीवाले आहेत, जिनिंगवाले आहेत, डाळमिलवाले आहेत, एक डॉक्टर दांपत्यही आहे. लोकांनी परदेशी जाऊ नये असं मला अजिबात म्हणायचं नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. व्यापारी माणूस परमुलखात आधी बाजार ओळखतो, मग त्यात पैसे घालतो. गुंतवणूकदार व्हिसा त्याला उलटं करायला लावतो: आधी पैसे घाल, मग बाजार ओळख. आणि हा उलटा क्रम विकणारे लोक त्याला 'बिझनेस' म्हणतात म्हणून आपले हुशार व्यापारी फसतात. परवाना विकत घेताना लावायचं डोकं आणि धंदा विकत घेताना लावायचं डोकं वेगवेगळं असतं. इथे परवाना आणि धंदा एकाच फायलीत बांधलेले असल्यामुळे माणूस दोन्ही डोकी बाजूला ठेवून देतो.

आधी नेमकं काय विकलं जातं ते पाहू. अमेरिकेचा ईबी-५ हा १९९० च्या कायद्यातून आलेला मार्ग. २०२२ मध्ये तो नव्याने बांधला गेला. ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागात ८ लाख डॉलर, इतरत्र साडेदहा लाख, आणि त्या पैशातून किमान १० स्थानिक लोकांना पूर्णवेळ काम. रुपयात ८ लाख डॉलरच सात कोटींच्या आसपास जातात. बदल्यात आधी दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. नोकऱ्या निर्माण झाल्याचं सिद्ध केलं की शर्त निघते. नवरा किंवा बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं त्याच अर्जात येतात. कायद्यातलं एक कलम मात्र फायलीत सहसा ठळक नसतं: पैसा जोखमीत असलाच पाहिजे. मुद्दल परत देण्याची हमी कुणी देत असेल तर ती हमीच अर्जाच्या मुळावर येते. म्हणजे 'सेफ इन्व्हेस्टमेंट' म्हणून जे सांगितलं जातं ते एकतर खोटं असतं, नाहीतर बेकायदा.

लोकांच्या तोंडी असलेला दुसरा अमेरिकी व्हिसा म्हणजे ई-२. लहानसं दुकान किंवा मोटेल घेऊन तिथे राहता येतं हे त्याच्याबद्दल खरं आहे. पण तो ज्या देशांशी अमेरिकेचा तसा करार आहे त्यांच्या नागरिकांसाठी आहे, आणि भारत त्या यादीत नाही. मग कुणीतरी युक्ती काढली: ग्रेनाडा या कॅरिबियन बेटाचं नागरिकत्व विकत घ्या आणि ग्रेनाडाकर म्हणून अमेरिकेत शिरा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने ते दारही अडवलं. पैशाने नागरिकत्व घेतलेल्याने आधी त्या देशात तीन वर्षं वास्तव्य केलेलं असलं पाहिजे अशी अट आली. शिवाय आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं जातं. पारोळ्याचा माणूस ग्रेनाडाचा नागरिक होऊन अमेरिकेतल्या एखाद्या हायवेवर मोटेल चालवतोय, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा. मला हसू आलं होतं. समोरच्या गृहस्थांना आलं नाही. त्यांनी टोकन देऊन ठेवलं होतं.

ब्रिटनमध्ये तर दुकान घेऊन व्हिसा मिळण्याचा मार्गच उरलेला नाही. २० लाख पौंडांचा गुंतवणूकदार व्हिसा १७ फेब्रुवारी २०२२ ला बंद झाला. आता जो 'इनोव्हेटर फाउंडर' आहे त्याला नवी कल्पना लागते, वाढण्याजोगा धंदा लागतो आणि मान्यताप्राप्त संस्थेचं शिफारसपत्र लागतं. कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्यात बसत नाही. ऑस्ट्रेलियाने आपली धंदा-गुंतवणूक योजना २०२४ च्या जुलैत बंद केली, आयर्लंडने २०२३ मध्ये, स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये. कॅनडाने केंद्राची गुंतवणूकदार योजना २०१४ मध्येच गुंडाळली, आणि तेव्हा वर्षानुवर्षं रांगेत थांबलेल्यांचे हजारो अर्ज फी परत करून रद्द केले. ही दारं उघडतात तशी बंदही होतात, आणि बंद करताना जळगावच्या माणसाने तोवर काय विकून ठेवलंय याची चौकशी कुणी करत नाही.

कॅनडात आता प्रांतांच्या उद्योजक योजना आहेत, आबांची फाईल त्यातलीच. ब्रिटिश कोलंबियाची मुख्य योजना घ्या: ६ लाख कॅनडियन डॉलरची मालमत्ता दाखवा, २ लाख गुंतवा, एका स्थानिकाला कायमची नोकरी द्या, इंग्रजीची परीक्षा द्या. आधी मिळतं ते फक्त वर्क परमिट. प्रांताशी केलेला करार मुदतीत पाळला तर नामांकन, आणि त्यानंतर कायम वास्तव्याचा अर्ज. धंद्याजवळच राहावं लागतं, धंदा स्वतः चालवावा लागतो. इथेच मेख आहे. चोपड्यात तोट्यात चाललेलं दुकान आबा एका दिवसात बंद करतील, भाड्याने देतील, पुतण्याच्या गळ्यात घालतील. तिथे तो तोटा परवान्यापर्यंत रेटत न्यावा लागेल. पगार खिशातून द्यावा लागेल. आणि हे विकणाऱ्यालाही पक्कं ठाऊक असतं. म्हातारपणी पंप विकायला काढलेल्या मालकासमोर दोन गिऱ्हाइकं उभी आहेत: एक गावातलं, ज्याला पटलं नाही तर तो घेणार नाही, आणि एक परदेशातलं, ज्याला अमुक तारखेआत काहीतरी घ्यावंच लागणार आहे. बाजारात गरजू गिऱ्हाइकाला काय भाव पडतो हे आडतीवर आयुष्य काढलेल्या माणसाला मी शिकवायचं म्हणजे कमाल आहे.

आता पैशाच्या वाटेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ते माझं रोजचं काम आहे आणि सल्लागारांच्या फायलीत ते अर्ध्या पानात उरकलेलं असतं.

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. अल्पवयीन मुलांनाही ही मर्यादा मिळते. त्यामुळे ८ लाख डॉलर पाठवायचे तर चौघांचं कुटुंब लागतं, किंवा नवरा-बायको दोघांचे ३१ मार्चच्या अलीकडे-पलीकडे दोन-दोन हप्ते. त्यासाठी बँक कर्ज देऊ शकत नाही. या मार्गाने भांडवली गुंतवणूक करायला कर्ज देण्याची बँकांना मनाई आहे. म्हणून विकावं लागतं. त्यावर उगमातच करवसुली (टीसीएस): १ एप्रिल २०२५ पासून दरवर्षी माणशी १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के. सात कोटी चौघांच्या नावे एकाच वर्षात गेले तर ४० लाख वगळता बाकीच्यावर साधारण एक कोटी बत्तीस लाख रुपये आधी सरकारकडे जमा करायचे. ते पुढे करात वळते होतात किंवा परत मिळतात हे खरं. पण शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून ज्यांचा करच नगण्य आहे, त्यांचे सव्वा कोटी परताव्याची वाट पाहत पडून राहतात. सात कोटींची सोय करून आलेला माणूस हे ऐकून खुर्चीत मागे टेकतो.

खरी अडचण याच्याही अलीकडे आहे. अमेरिकेचं इमिग्रेशन खातं डॉलरला विचारतं, तू आलास कुठून? आणि एका पायरीवर थांबत नाही. जमीन विकली तर जमीन कशी आली, फर्ममधून काढले तर फर्मने कसे कमावले. धुळ्याकडचे एक जिनिंगवाले आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डची रांग लांब, नोकरीचा भरवसा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं आणि घरात धाबं दणाणलं. वडिलांनी ठरवलं, मुलाला रक्कम बक्षीस द्यायची आणि त्याच्या नावाने ईबी-५ करायचं. हा मार्ग कायदेशीर आहे, बक्षीस देणाऱ्याचा पैसा स्वच्छ असेल तर. त्यांनी शहरालगतची जमीन विकली होती. मला त्यांनी सांगितलेला आकडा आणि खरेदीखतातला आकडा यांत निम्म्याहून जास्त फरक निघाला. खतात रेडीरेकनरपुरती रक्कम. वरची रक्कम कुठे ते आपल्याकडे कुणी विचारत नाही. तिकडे मात्र तेवढंच विचारतात.

आपल्या व्यवहारातल्या त्या 'वरच्या' पैशाबद्दल आम्ही हिशेबवाल्यांनीही वर्षानुवर्षं डोळे मिटून घेतले आहेत. मीसुद्धा. कापसाच्या कच्च्या चिठ्ठ्या, वखारीतला नोंद नसलेला माल, बायकोच्या नावचं सोनं ज्याचं बिल सराफाने दिलं नाही आणि आपण मागितलं नाही. मुद्रांक शुल्कात चार लाख वाचवले तेव्हा शहाणपण वाटलं होतं. आज तोच माणूस म्हणतो, 'भाऊ, काहीतरी करून पांढरे दाखव.' मी म्हणतो, मागच्या तारखेचा एकही कागद मी करणार नाही. ते नाराज होऊन गेले. दुसऱ्या कुणी करून दिले असतील तर ती फाईल मुलाच्या गळ्यात आयुष्यभर लटकणार; खोट्या कागदावर मिळालेलं कार्ड कितीही वर्षांनी रद्द होऊ शकतं.

माणसाने परमुलखात जाऊन धंदा करणं खान्देशाला नवं नाही. आपला सगळा बाजारच तसा उभा राहिला आहे. मारवाडातून आलेले, गुजरातेतून आलेले, लाकडाच्या वखारी थाटणारे कच्छी पटेल, फाळणीनंतर आलेले सिंधी: जळगावच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारली तरी पाट्यांवर हा इतिहास वाचता येतो. लेवा पाटीदारही आपलं मूळ गुजरातेतच सांगतात. यातले बहुतेक जण आले ते कुणाच्या तरी ओळखीने. आधी दुसऱ्याच्या पेढीवर गादी झाडली, दुकानामागच्या खोलीत झोपले, कुणाची उधारी येते आणि कुणाची बुडते ते शिकले, अहिराणी बोलायला लागले, आणि मग गल्लीच्या तोंडाशी स्वतःचं दुकान टाकलं. अमेरिकेतल्या मोटेलांपैकी निम्म्याच्या आसपास मोटेलं भारतीय वंशाच्या लोकांकडे आहेत, त्यातही गुजराती पटेल जास्त. त्यांची गोष्ट आपल्या सेमिनारांमध्ये हमखास सांगितली जाते. पण अर्धीच. त्यांनीही आधी नातेवाइकाच्या मोटेलात चादरी बदलल्या, रात्रपाळीत काउंटरवर बसले, घरातल्या सगळ्यांनी पगार न घेता राबून पहिली खरेदी केली. पुढच्या माणसाला हातउसने पैसे देणारं बिरादरीचं जाळं मागे होतं. फाईल विकणारा माणूस यशाचा फोटो दाखवतो. चादरी बदलायला कोण जाणार ते विचारत नाही. मी आबांना त्यांच्या बायकोबद्दल विचारलं. "आक्कांना विचारलंत का? सकाळी सहाला दुकान उघडायचं, बाहेर गुडघाभर बर्फ, आणि काउंटरवर इंग्रजीत बोलायचं." ते गप्प राहिले. आक्कांना कुणी विचारलंच नव्हतं.

सल्लागारांबद्दल बोलणं भाग आहे. सगळे लबाड नसतात. व्हिसाच्या कागदाला जाणकार माणूस लागतोच. पण पैसे दोन्हीकडून येतात हे गिऱ्हाइकाला कळायला हवं. सल्ल्याची फी आपण देतो, आणि माल खपवल्याचं कमिशन प्रकल्पवाला देतो. मलाही दोनदा विचारणा झाली: तुमच्या क्लायंटपैकी कुणी पाठवा, तुमचा वाटा पोहोचेल. सीए, कर सल्लागार, बँकेचे निवृत्त मॅनेजर, सगळ्यांकडे हे प्रस्ताव फिरत असतात. आपल्या विश्वासातला माणूस फाईल पुढे सरकवतो तेव्हा त्याचं त्यात काय आहे, एवढा एकच प्रश्न लोक भिडेपोटी टाळतात.

गंमत अशी, की हा प्रश्न अमेरिकेच्या कायद्याने आपल्यासाठी विचारून ठेवला आहे. २०२२ च्या सुधारणेनंतर ईबी-५ प्रकल्प खपवणाऱ्या प्रत्येक मध्यस्थाला, तो परदेशात बसलेला असला तरी, आय-९५६के नावाचा फॉर्म भरून नोंदणी करावी लागते, आणि त्याला मिळणारं शुल्क गुंतवणूकदाराला लेखी कळवून सही घ्यावी लागते. हे फुकाचं आलेलं नाही. व्हरमाँट राज्यातल्या जे पीक या स्कीच्या रिसॉर्टभोवती ७४ देशांतल्या लोकांकडून ३५ कोटी डॉलरहून जास्त रक्कम याच मार्गाने गोळा झाली होती. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकी बाजार नियामकाने पैशाच्या अफरातफरीचा खटला भरला. त्यातला जैवतंत्रज्ञानाचा कारखाना उभा राहिलाच नाही, आणि २०२२ मध्ये प्रवर्तकांना तुरुंगवास झाला. ज्यांनी पैसे घातले त्यांनी त्या राज्याचा नकाशाही कधी नीट पाहिला नसेल.

आपल्याकडे काय आहे? १९८३ चा उत्प्रवास कायदा. तो परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटासाठी. आखातात गवंडी पाठवणाऱ्याला परवाना लागतो. सात कोटी घेऊन जाणारा गुंतवणूकदार त्या कायद्याच्या नजरेतच नाही. पंजाबने फसवणुकीला कंटाळून २०१२ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि ट्रॅव्हल एजंट, सल्लागार यांना परवान्याखाली आणलं. तिथेही फसवणूक थांबलेली नाही, पण निदान पोलिसांना कोणत्या कलमाखाली लिहून घ्यायचं ते कळतं. महाराष्ट्राने आणि केंद्राने एवढं तरी करावं: गुंतवणूक-स्थलांतराचा सल्ला विकणाऱ्याची नोंदणी, दोन्हीकडून मिळणाऱ्या पैशाचा एका पानावर मराठीत खुलासा, आणि त्या पानावर गिऱ्हाइकाची सही झाल्याशिवाय टोकन घ्यायला बंदी. श्रीमंतांच्या चोचल्यांसाठी सरकारने कशाला खटाटोप करायचा, असं कुणी म्हणेल. पण माझ्याकडे येणारे हे श्रीमंत दोन पिढ्यांची जमीन विकून येतात. ती गेली की त्यांची मुलं सालदारांच्या शेजारी येऊन बसायला एक हंगाम पुरतो.

इथे दुसऱ्या टोकाचं एक भाषण ऐकू येतं, त्याच्याशीही माझं जमत नाही. 'मातीशी बेइमानी', 'गाव ओस पडतंय' वगैरे. त्यासाठी नागरिकत्व सोडणाऱ्यांचे आकडे फेकले जातात: २०२२ मध्ये २,२५,६२०, २०२३ मध्ये २,१६,२१९. हे आकडे संसदेत दिलेले आहेत आणि खरे आहेत, पण ते मुख्यतः वर्षानुवर्षं परदेशात राहून तिथले झालेल्यांचे आहेत. केळी विकून निघालेल्या आबांचा त्यांच्याशी संबंध नाही. आणि माणूस का निघतो हे पाहिलं तर बेइमानीचा शब्द घशात अडकतो. पतसंस्थांनी खान्देशात किती घरांच्या ठेवी बुडवल्या ते आठवा. कापूस विकून तीन-तीन महिने पैसे न मिळालेले लोक आठवा. उन्हाळी वादळात कापणीला आलेली बाग एका रात्रीत आडवी होते. मुलगा शेती करतो म्हटल्यावर मुलगी देत नाहीत. तोच मुलगा कॅनडात पंपावर उभा आहे म्हटलं की स्थळं रांगेने येतात. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या नात्यातलं आहे. या सगळ्यावर 'गावात राहा' हे उत्तर देणाऱ्याने आधी स्वतःची मुलं कुठे शिकायला ठेवलीत ते सांगावं.

मुलांसाठी जायचं असेल तर तसं मोकळेपणाने म्हणावं. मग हिशेब वेगळा होतो: ही धंद्याची गुंतवणूक नसून खर्च आहे, लग्नासारखा किंवा मेडिकलच्या सीटसारखा, आणि तो परत येणार नाही असं धरूनच चालायचं. मुलाने तिथे पदव्युत्तर शिक्षण घेऊन नोकरीच्या वाटेने जाणं कदाचित याच्या दहाव्या हिश्शात होईल. ती वाटही आता अरुंद झाली आहे, पण तिथे हरलो तरी पदवी हातात राहते. माझ्याकडच्या सहा-सात फायलींत 'धंदा' हा शब्द काढून 'खर्च' हा शब्द घातला, तेव्हा दोघांनी स्वतःहून फाईल मिटली. एकाने मिटली नाही. त्याच्याकडे खर्चायला होते, त्याने जाणूनबुजून खर्च केले, आणि तो सुखी आहे. त्याच्याशी माझं काहीच भांडण नाही.

धंदाच करायचा असेल तर मात्र धंद्याचे नियम. अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. गावातल्या लोकांनी त्याचे शेअर घेतले, कारण भोंगा रोज ऐकू येत होता आणि मालकाची माणसं ओळखीची होती. १९६६ मध्ये वडील गेले म्हणून एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले. पुढे त्या कंपनीचं विप्रो झालं, आणि कपाटात कागद ठेवून विसरलेली अमळनेरची कुटुंबं कोट्यधीश झाली. यात नशिबाचा वाटा मोठा आहे, ते मी नाकारत नाही. असे कारखाने गावोगाव निघाले आणि बुडाले. वाकोदच्या भवरलाल जैनांनी घरची सात हजार रुपयांची पुंजी घेऊन १९६३ मध्ये रॉकेल विकायला सुरुवात केली. त्याच घराण्याच्या जैन इरिगेशन कंपनीने २००७ मध्ये इस्रायलच्या नानदान कंपनीत निम्मा हिस्सा घेतला. ठिबकच्या धंद्यात वीस वर्षं मुरल्यावर, ठिबकच्याच कंपनीत. तरीसुद्धा पुढे कर्ज डोईजड झालं, आणि २०२३ मध्ये परदेशातला सिंचन व्यवसाय रिवुलिस या कंपनीत विलीन करावा लागला. धंद्याची खडान्खडा माहिती असलेल्यांची ही गत. मग फोटो पाहून पंप घेणाऱ्याला किती सांभाळून पावलं टाकावी लागतील?

एक बारीक गोष्ट राहिली. परदेशी नागरिकत्व घेतलं की वारसाने आलेली शेती ठेवता येते, पण नवी शेतजमीन खरेदी करता येत नाही. 'नाही जमलं तर परत येऊ आणि दोन एकर घेऊ', हे मला जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं आहे. नागरिकत्वापर्यंत पोहोचून मग परत आलात तर ते दोन एकर मिळणार नाहीत. म्हणून मी सांगतो, विकायचंच तर प्लॉट विका, दुकानाचा गाळा विका, सातबारा शेवटी.

आबांना मी एवढंच सांगितलं: पर्यटक व्हिसा काढा, तिकिटाला दीड-दोन लाख जातील, आणि त्या पंपासमोर जाऊन बसा. पुतणी तिकडेच कुठेतरी आहे, तिच्याकडे उतरा. त्यांना ते पटलं. बहुधा सल्लागाराने 'गरज नाही' म्हटल्यामुळेच पटलं असावं. ऑक्टोबरात गेले. अकरा दिवस समोरच्या कॉफीच्या दुकानात बसून वहीत पाच-पाच रेघांचे गठ्ठे करत गाड्या मोजल्या, घड मोजतात तसे. नवव्या दिवशी फोन आला.

"भाऊ, सकाळे ट्रकवाला येतस. दुपारनंतर आठे कुत्रं बी फिरकत नही. नि कॉफीवाली बाई सांगस, हायवेवर नवा पंप व्हई ऱ्हायना."

"मग परत येताय ना?"

"येस ना. पन आते मी भाव सांगसू."

त्यांनी निम्म्याने भाव सांगितला. मालक चिडला, सल्लागार त्याहून जास्त चिडला. दोन महिने झाले, फाईल माझ्या कपाटात आहे. मालकाचं उत्तर आलेलं नाही. आबा परवा मृगबागेच्या पट्ट्या घेऊन आले होते. पिशवीच्या तळाशी केळी होती, आणि त्यांच्याखाली ती रेघांची वही.